विनयातील वहाण : तृण, चर्म आणि विटाळ

रत्नागिरीच्या कातळावरून वैशाखात अनवाणी चाललेल्या मनुष्यास पादत्राणाचे मोल सांगावे लागत नाही. कोकणचा हा किनारा प्राचीन अपरान्तात मोडतो. तिसऱ्या संगीतीनंतर योनक धम्मरक्खित थेर अपरान्तात धम्मप्रचारासाठी आले, असे महावंस सांगतो. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीची लेणी पुढील काळातील येथल्या भिक्खुसंघाची साक्ष देतात. या भूमीवर चालणाऱ्या भिक्खूने पायांत काय घालावे, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु विनयपिटकातील महावग्गात चम्मक्खन्धक हा संपूर्ण अध्याय मुख्यतः या विषयास दिलेला आहे. त्यातील विचार आजही आपल्या उपयोगाचा आहे.

अध्यायाचा आरंभ सोण कोळिविसाच्या कथेने होतो. अत्यंत सुखात वाढलेला हा श्रेष्ठिपुत्र प्रव्रज्येनंतर चंक्रमण करू लागला, तेव्हा त्याचे पाय फुटून चंक्रमणभूमी रक्ताने माखली. तथागतांनी त्याला एका तळाची वहाण वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती एकट्यासाठी स्वीकारली नाही. सर्व संघास अनुज्ञा मिळाली, तेव्हाच त्याने वहाण पायांत घातली.

यानंतर निषेधांची मालिका येते. राजगृह येथे लाकडी पादुकांना मनाई झाली; कारण पहाटे त्यांच्या खडखडाटाने इतरांची समाधी भंग पावे आणि पायांखाली कीटक चिरडले जात. वाराणसी येथे काही भिक्खूंनी ताडाची कोवळी झाडे तोडवून त्यांच्या पानांच्या पादुका केल्या. झाडे सुकली, लोकांनी वृक्षालाही जीव असतो म्हणून दोष दिला, आणि त्या पादुका निषिद्ध झाल्या. पुढे वेळूच्या पानांचेही तेच झाले. भद्दिय येथे भिक्खू तृण, मुंज, बब्बज, हिंताल आणि कमल यांच्या पादुका करण्यात व सजविण्यात इतके रमले की, अध्ययन व शील, चित्त, प्रज्ञा यांची साधना मागे पडली. (येथे कमल म्हणजे कमळाचे फूल नव्हे, त्या नावाचे गवत, असे अट्ठकथा सांगते.) म्हणून याही पादुका वर्ज्य ठरल्या.

वनस्पतितंतूंच्या पादत्राणांची ही यादी फार प्राचीन आहे. ती जपणारे हात आजही आहेत. हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यात भांगेच्या झाडाच्या सालीचे तंतू काढून 'पुला' विणतात व वर रंगीत नक्षी करतात. काश्मीरमध्ये भाताच्या पेंढ्याची 'पुल्होर' वापरात होती. जपानमधील झेन भिक्खू भिक्षाटनास निघताना पेंढ्याच्या 'वाराजी' घालतात. यंत्रावर तयार होणाऱ्या स्वस्त चपलांपुढे असे हस्तकौशल्य टिकविणाऱ्या कारागिरांचा आदर झालाच पाहिजे.

परंतु तो कोणत्या कारणासाठी? पुला देवघरात व स्वयंपाकघरात चालतो, कारण त्यात चामडे नाही, अशी त्याची ख्याती आहे. जानेवारी 2022 मध्ये पंतप्रधानांनी काशी विश्वनाथ धामातील कर्मचाऱ्यांसाठी तागाच्या पादत्राणांचे 100 जोड पाठविले; मंदिराच्या आवारात चामड्याची व रबराची पादत्राणे चालत नाहीत, हे त्यामागील कारण होते. कर्मचाऱ्यांचे पाय थंडीपासून वाचले, हे चांगलेच झाले. तथापि तृण शुद्ध आणि चर्म अशुद्ध ही विभागणी केवळ वस्तूंपुरती राहत नाही. ती चामडे कमावणाऱ्या व वहाण शिवणाऱ्या माणसापर्यंत पोहोचते. वहाण सर्वांनी वापरायची आणि ती शिवणारा मात्र गावाबाहेर, हा त्या शुचित्वाचा परिणाम होय.

तथागतांची कसोटी निराळी आहे. त्यांनी तृणाची पादुका नाकारली आणि चामड्याची साधी वहाण दिली. एका भिक्खूच्या लोभापायी वासराची हत्या झाली, तेव्हा त्यांनी चर्माचा वापर निषिद्ध केला; पण त्याचे कारण हिंसा हे होते, विटाळ नव्हे. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच : यामुळे कोणास इजा होते काय, आणि साधनेस बाधा येते काय? अवन्तीच्या कठीण, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेल्या भूमीचा विचार करून महाकच्चानांच्या विनंतीवरून सीमेपलीकडील प्रदेशांसाठी अनेक तळांच्या वहाणांची अनुज्ञा मिळाली. मध्यदेशाच्या पश्चिम सीमेपलीकडे असल्याने आपला अपरान्तही त्या अनुज्ञेत येतो. नियम माणसाच्या पायांकडे पाहून बदलला.

1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचा उपदेश केला आणि स्पृश्यांनी आपली मेलेली जनावरे स्वतः पुरावीत, असा ठरावही तेथे झाला. त्यामागे चामड्याचा तिरस्कार नव्हता. जन्माने लादलेल्या कामास व त्यासोबतच्या अवमानास नकार होता. म्हणून पुला विणणाऱ्याचा गौरव करताना तो त्याच्या कौशल्याचा करावा, शुचित्वाचा नव्हे. आणि तोच गौरव चामड्याची वहाण शिवणाऱ्या हातांनाही द्यावा. विनयाच्या दृष्टीने दोन्ही हात सारखेच निर्मळ आहेत.