मैदानावरचे मास्तर

भुसावळहून वरणगावच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागतात. ६२.५ मेगावॅटचा पहिला संच इथे १९६८ मध्ये सुरू झाला. पुढे १९७९ आणि १९८२ मध्ये २१० मेगावॅटचे दोन संच आले, मग पाचशे मेगावॅटचे दोन. संचांबरोबर माणसं आली आणि माणसांबरोबर क्वार्टर्स, शाळा, दवाखाना, मैदान. भुसावळ तालुक्याला अशा वसवलेल्या वस्त्या नव्या नव्हत्या. रेल्वेची वसाहत कितीतरी आधीची, आणि भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीही शेजारीच. टेनिसची रॅकेट आडगावात पोचते ती बहुधा अशाच वाटेनं. बदलीवर आलेला साहेब ती बरोबर आणतो, मग रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, अधिकाऱ्यांच्या क्लबात किंवा वसाहतीच्या मैदानाच्या एका कडेला जाळं बांधलं जातं.

शाळेच्या फाटकातून टेनिस आत यायला मात्र फार वेळ लागला. त्याचं एक कारण साध्या हिशेबाचं आहे. टेनिसचं कोर्ट ७८ फूट लांब आणि दुहेरीसाठी ३६ फूट रुंद. मागे-बाजूला पळायची जागा धरली तर १२० बाय ६० फूट लागतात. एवढ्या जागेत एका वेळी खेळणार दोघं, फार तर चौघं. कबड्डीचं मोठं मैदान १३ बाय १० मीटर, आणि त्यात चौदा जण. म्हणजे क्षेत्रफळ पाहिलं तर एका कोर्टाच्या जागेत कबड्डीची पाच मैदानं बसतात आणि सत्तर मुलं खेळू शकतात. पन्नास-साठ मुलांचा वर्ग आणि पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास हाती असलेला शिक्षक काय निवडेल, हे वेगळं सांगायला नको. त्यात तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर चेंडू सारखा उसळावा म्हणून ती उकरून खाली खडी, वर मुरूम घालायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. हा खर्च आणि ही मेहनत वसाहतीला परवडते, साध्या माध्यमिक शाळेला नाही.

तरीही लॉन टेनिस आज महाराष्ट्राच्या शालेय स्पर्धांमध्ये आहे, आणि गावोगावच्या शाळा चार-पाच मुलं घेऊन त्यात उतरतात. त्या मुलांबरोबर जाणारा माणूस बहुतेक वेळा टेनिसचा प्रशिक्षक नसतो. तो शाळेचा क्रीडाशिक्षक असतो, आदल्या आठवड्यात खो-खोचा संघ घेऊन गेलेला आणि पुढच्या आठवड्यात कबड्डीचा घेऊन जाणारा. शाळेच्या टेनिस संघाची गोष्ट सांगायची तर आधी या माणसाची सांगावी लागते, आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय खानदेशातच, अमळनेरात घडला आहे.

शाळा येण्यापूर्वी खेळ शिकवणारा होता तो तालमीतला वस्ताद. खानदेशात आखाजी आणि गावोगावच्या जत्रा म्हणजे बारागाड्या आणि कुस्त्यांची दंगल. वस्तादाचे पठ्ठे मोजके. प्रत्येकाच्या अंगाची, खुराकाची, पेचाची त्याला खडान्‌खडा माहिती. इंग्रजी शाळा आल्या तेव्हा त्यांना असा वस्ताद नको होता. त्यांना हवी होती शिस्त. १८८२ च्या हंटर आयोगानं देशी खेळ, जिम्नॅस्टिक्स आणि शालेय कवायतीला उत्तेजन द्यावं अशी शिफारस केली. त्यातली कवायत सगळ्यांत स्वस्त आणि सोपी, म्हणून तीच शाळांमध्ये रुजली. सैन्यातून निवृत्त झालेला हवालदार ड्रिल मास्तर म्हणून नेमायचा आणि त्यानं मुलांना इंग्रजी हुकमांवर डावी-उजवीकडे वळवायचं, असा तो प्रकार. मुलं एका रांगेत उभी राहिली, पण प्रत्येक मुलाकडे पाहणारी वस्तादाची नजर त्या रांगेत हरवली.

ही उणीव ज्यांना सर्वांत आधी खुपली त्यांत जगन्नाथ गणेश गुणे हे नाव मोठं आहे. जन्म १८८३ चा, गुजरातेतल्या डभोईचा. संस्कृतचे विद्वान, आणि त्याच वेळी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं घाम गाळलेले. माणिकरावांनी देशी व्यायामाला सामुदायिक रूप दिलं होतं. लेझीम, जोडी, लाठी या गोष्टी शंभर मुलांनी एका तालात करायच्या आणि हुकूमही आपल्या भाषेत द्यायचे. हे शिक्षण घेऊन गुणे अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवायला आले आणि पुढे तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. असहकाराचे दिवस होते. मिलमालक प्रताप शेठांच्या औदार्यावर त्या छोट्या गावात तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं होतं आणि राष्ट्रीय शिक्षणाची हवा होती. शरीर कमावणं आणि विचार करणं या दोन्ही गोष्टी एकाच शिक्षकानं शिकवाव्यात, असं तिथे कुणाला वावगं वाटत नसे.

१९२४ मध्ये गुणे लोणावळ्याला गेले आणि त्यांनी कैवल्यधाम स्थापन केलं. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतं, योगाची प्रयोगशाळेत तपासणी करणारे म्हणून. त्याच वर्षी साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. गुरुजींच्या शिकवण्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. कुवलयानंदांच्या अमळनेरच्या वर्षांबद्दल त्या मानानं फारच थोडं, आणि ही उणीव भरून निघायला हवी. कारण योगाइतकंच त्यांनी शाळेतल्या व्यायामाचंही काम केलं. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं तेव्हा शारीरिक शिक्षणाचा विचार करायला नेमलेल्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, कांदिवलीला शारीरिक शिक्षकांना तयार करणारी सरकारी संस्था सुरू झाली. पी. एम. जोसेफ तिचे पहिले प्राचार्य. हेच जोसेफ १९५७ मध्ये ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचेही पहिले प्राचार्य झाले. त्याआधी मद्रासला हॅरी बक यांनी १९२० मध्ये वायएमसीएचं महाविद्यालय काढलं होतं, पण मराठी शाळांना स्वतःचा शिकलेला मास्तर मिळू लागला तो कांदिवलीमुळे.

सरकारी वाटेच्या बाजूनं एक लोकांनी काढलेली वाटही होती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्याच्या चमूनं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. भुसावळहून बडनेऱ्याला थेट गाडी. तिथून अमरावती हाकेच्या अंतरावर. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढलं. बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड संपादित केले. आज मराठीत क्रीडाशास्त्रावर एवढं मोठं काम कुणी अंगावर घेईल का, असा प्रश्न ते खंड पाहताना पडतो.

एवढ्या सगळ्या खटपटीतून जो शिक्षक तयार झाला तो कुणासाठी? तर सगळ्या वर्गासाठी. त्याच्या वेळापत्रकात प्रत्येक तुकडीला आठवड्यातले दोन-तीन तास, सामुदायिक कवायत, लेझीम, संचलन. शाळेचा संघ या वेळापत्रकात कुठेच नव्हता. संघ घडला तो शाळा सुटल्यावर, सकाळी प्रार्थनेच्या आधी, रविवारी. स्वातंत्र्यानंतरही हे बदललं नाही. आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले यांनी १९५४ मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. तिचे शिक्षक देशभरच्या शाळांत गेले आणि मग कुंझरू समितीच्या शिफारशीनुसार १९६५ पासून हे सगळं नॅशनल फिटनेस कोअरमध्ये एकत्र करण्यात आलं. नावं बदलली तरी अपेक्षा तीच राहिली: सगळी मुलं तंदुरुस्त हवीत, रांगेत हवीत. अपेक्षा चांगलीच होती. पण त्यातून एकही दुहेरीची जोडी तयार होत नाही. ती तयार होते मास्तरांच्या स्वतःच्या हौसेवर आणि त्यांच्या घरच्यांच्या सोसण्यावर, आणि ही गोष्ट कुठल्याही अहवालात नोंदली गेली नाही.

खेळाचा प्रशिक्षक हा वेगळा पेशा आपल्याकडे उशिरा आला. १९६१ मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली आणि एकेका खेळाचं, टेनिसचंही, पदविका शिक्षण मिळू लागलं. १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला. पहिल्या तिघा मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते. वस्तादाला शंभर वर्षांनी सरकारदरबारी मान मिळाला तो असा.

शाळेच्या संघाचा प्रशिक्षक म्हटलं की मराठी माणसाला एकच नाव आठवतं, रमाकांत आचरेकर. ते शाळेच्या पटावरचे शिक्षक नव्हते. स्टेट बँकेत नोकरी करत आणि शारदाश्रमच्या मुलांना घडवत. फेब्रुवारी १९८८ मध्ये शालेय क्रिकेटच्या हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागी केली, ती सगळ्यांना पाठ आहे. त्यामागची पद्धत जास्त महत्त्वाची आहे. आचरेकर सर मुलाला नेटमध्ये कमी आणि सामन्यात जास्त खेळवत. सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्यावर नेत. मुंबईत हे जमलं, कारण तिथे हॅरिस शील्ड १८९६ पासून चालत आलेली होती आणि स्कूटरच्या टप्प्यात दहा मैदानं होती. दीपनगरच्या टेनिस खेळणाऱ्या मुलाला तेवढे सामने मिळवायचे तर रेल्वेनं नाशिक-पुणे गाठावं लागतं.

मराठी मुलखातलं टेनिस तर फार काळ शाळेपेक्षा घरात आणि क्लबातच वाढलं. लीला राव यांचंच पाहा. आई पंडिता क्षमा राव, पुण्यात जन्मलेल्या, सत्याग्रहावर आणि तुकोबा-ज्ञानोबांवर संस्कृत काव्य रचणाऱ्या आणि स्वतः टेनिसमध्ये नाव कमावलेल्या. मुलगी १९३४ मध्ये विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. आई खेळत होती, क्लबाचं दार उघडं होतं, म्हणून हे घडू शकलं. पुढे पुण्यातून नंदन बाळ, गौरव नाटेकर, नितीन आणि संदीप कीर्तने, ऋतुजा भोसले अशी नावं आली. तीही डेक्कन जिमखान्यासारख्या क्लबांच्या आणि पालकांच्या जिवावर. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं आणि २०१८ पासून काही वर्षं एटीपीची स्पर्धाही तिथे झाली. खानदेशातल्या शाळेच्या संघाला यातलं काही सहज मिळालं नाही.

मग क्रीडाशिक्षक टेनिस शिकवतो तरी कसा? त्याचं उत्तर शाळेच्या भिंतीवर असतं. जमिनीपासून तीन फुटांवर चुन्याची रेघ ओढायची. कोर्टाच्या मध्यावर जाळ्याची उंची तेवढीच असते. भिंत चेंडू परत देते, थकत नाही आणि फी मागत नाही. आठ मुलं आणि एक कोर्ट असेल तर कोर्ट उभं अर्धं वाटायचं, एकानं हातानं चेंडू टाकायचे, दोघांनी मारायचे, बाकीच्यांनी गोळा करायचे आणि चेंडूशिवाय हात फिरवायचा. खो-खो शिकवलेल्या मास्तरांना एक गोष्ट मात्र आधीच येत असते: पायांचं काम. झटकन थांबणं, वळणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकणं हे त्यांची मुलं मैदानावर शिकूनच आलेली असतात. ज्यांनी खो-खोपटूच्या हाती रॅकेट दिली त्यांनी शहाणपणा केला. सराव पहाटे किंवा उन्हं उतरल्यावर. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशीपर्यंत चढतो तेव्हा दुसरा इलाज नसतो.

सामन्यातली अडचण वेगळीच. कबड्डीत मास्तर रेषेबाहेरून ओरडू शकतात, वेळ मागून मुलांना गोळा करू शकतात. टेनिसच्या एकेरीत वर्षानुवर्षं प्रशिक्षकानं खेळाडूशी बोलायलाच बंदी होती. डेव्हिस चषकासारख्या सांघिक सामन्यात तेवढी कर्णधाराला कोर्टालगत बसून बाजू बदलताना सल्ला द्यायची मुभा. २०२५ पासून आंतरराष्ट्रीय नियम सैल झाला आणि कोर्टाबाहेरून सूचना देणं नियमात बसू लागलं. पण शालेय सामन्यात मूल पहिला सेट हरलं, की काय सांगायचं हे नियमानं सुचत नाही. त्यासाठी त्या मुलाचा बॅकहँड कुठे ढळतो, हे सहा महिने रोज पाहिलेलं असावं लागतं.

शालेय स्पर्धांचा हंगाम ऐन पावसाळ्यात सुरू होतो. वयोगट चौदा, सतरा आणि एकोणीस. पायऱ्या तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. जळगावची मुलं जिंकली की नाशिक विभागात जातात. जन्मदाखले, ओळखपत्रं, ऑनलाइन नोंदणी, पालकांची संमती, गाडीचं भाडं, वाटेतलं जेवण हे सगळं त्याच एका माणसाकडे. दहावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, त्या प्रस्तावांची कागदपत्रंही त्यानंच जमवायची. जिल्हा क्रीडा कार्यालयात क्रीडा मार्गदर्शक असतात, पण एका जिल्ह्याला ते पुरणार किती?

आणि आता हा माणूसच कमी होतो आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पट शंभराच्या वर असेल तर, कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. अंशकालीन म्हणजे तासापुरता. कुवलयानंदांच्या समितीनं आणि कांदिवलीच्या संस्थेनं पूर्णवेळ शिक्षकाचा पेशा उभा केला, आणि त्या पेशातल्या लोकांनी तासाबाहेरच्या वेळात शाळांचे संघ घडवले. ठरलेल्या तासाचं मानधन घेऊन दुसऱ्या शाळेकडे निघालेल्या निदेशकाकडे संध्याकाळची ती वेळ मागायची कुणी आणि कोणत्या तोंडानं? ऑगस्टमध्ये तालुक्याच्या स्पर्धांचं पत्रक येतं तेव्हा अनेक शाळांत हा प्रश्न गणिताच्या किंवा मराठीच्या एखाद्या हौशी शिक्षकापाशी येऊन थांबतो, आणि तो मुलांची यादी करायला घेतो.