अष्टागरांतील तेल-इंजिनें व गाईडाची साक्ष

इतिहासाचें साधन म्हटलें कीं आपणां संग्राहकांस प्रथम दप्तर आठवतें. परंतु रोजच्या कष्टाची हकीकत दप्तरांत क्वचितच उतरते. ती हाताळलेल्या वस्तूंवरच उमटलेली असते. अशा एका साधनाकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असें आम्हीं योजिलें आहे.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर (१९८१ पूर्वीं हा कुलाबा जिल्हा) आक्षी, नागांव, चौल व रेवदंडा येथील नारळी-पोफळीच्या वाड्यांस पूर्वीं रहाटानें पाणी देत. विसाव्या शतकांत रहाटाचें काम पंपांकडे गेलें. आरंभीं असे पंप तेलावर चालणाऱ्या इंजिनांनीं फिरत. इंग्लंडांत डर्स्ले येथील लिस्टर कारखान्याचीं इंजिनें या वर्गांत नांवाजलेलीं होतीं. १९४६ सालीं किर्लोस्करांनीं तेल-इंजिनांसाठीं स्वतंत्र कंपनी स्थापिली.

लिस्टरच्या ६/१ ठेवणीच्या इंजिनाचे मिनिटास ६५० फेरे होत. प्रत्येक झडप दोन फेऱ्यांत एकदां, म्हणजे मिनिटास ३२५ वेळां उघडे. झडपेची दांडी ज्या बिडाच्या नळींत सरकते तिला कारागीर गाईड म्हणतात. जुन्या धाटणीच्या इंजिनांत ही जागा उघडी असे. तेथें माणसानें कुपीनें थेंब सोडावे लागत. थेंब कमी पडल्यास दांडी व नळी झिजत. अधिक पडल्यास आंत येणाऱ्या हवेबरोबर तेल ओढलें जाऊन धूर होई. आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या दांडीवर तें जळून कीट धरी. मग झडप अडके, दाब सुटे व इंजिन बंद पडे. म्हणून थेंब मोजके व तेल पातळ, आणि चिकटलेल्या दांडीस रॉकेल, हाच नियम होता. घरचें खोबरेल येथें उपयोगी नाहीं. तें सुमारें २४ अंशांखालीं थिजतें.

किनाऱ्यावर आणखी एक शत्रु होता. पावसाळ्यांत वाडीस शिंपण नको. इंजिन चार महिने उभें, आणि खारी हवा मात्र अखंड वाहती. त्या दिवसांत तेल लावून चाक हातानें फिरविलें नाहीं, तर दांडी गंजून गाईडांत जखडे.

हा सारा वृत्तान्त जुन्या गाईडावर वाचतां येतो. दांडी ज्या तरफेनें दाबली जाते तिच्या रेट्यानें नळीचें तोंड एका अंगास लंबगोल होतें. कीट अति तेलाचें वा जड तेलाचें चिन्ह होय. गंजाचे खळगे उभ्या काळाची साक्ष देतात.

अलीकडे कांहीं हौशी गृहस्थ अशीं इंजिनें मिळवून पुन्हां चालवितात, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु नवीं गाईडें बसवितांना जुनीं मोडींत देऊं नयेत. गांव, वाडी व काढल्याची तिथि लिहून तीं कापडांत बांधून ठेवावीं. पाणी देणाऱ्या त्या हातांचें नांव कोणत्याही कागदावर नाहीं. त्यांची सही एवढीच उरली आहे.