जुन्या मोटारीचा पट्टा

गलोंडा, सिल्वासा या बाजूची मोटार मुंबईला निघाली की भिलाडजवळ हमरस्त्याला लागते. पुढे तलासरी येते, मग चारोटी आणि सूर्या नदीवरचा पूल. दादरा-नगर हवेलीच्या प्रवाशांना हा रस्ता पायाखालचा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मृत्यू पावले. गाडी अद्ययावत होती. परंतु मागच्या आसनावरील या दोघांनी सुरक्षापट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले.

त्या बातमीने अनेकांना आपल्या दारातली जुनी फियाट आठवली असेल. तिच्यात तर बांधायला पट्टाच नव्हता!

या पट्ट्याचा इतिहास फार जुना नाही. स्वीडनमधील साब कंपनीत नील्स बोलिन नावाचे अभियंते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणारी आसने तयार करीत असत. १९५८ साली ते व्होल्वो या मोटार कंपनीत आले आणि १९५९ साली त्यांचा तीन टोकांचा पट्टा मोटारीत बसला. तोवरचे पट्टे बहुधा कमरेपुरतेच असत. धक्क्याच्या वेळी धड पुढे झेपावे. बोलिन यांनी एकच पट्टा खांद्यावरून छातीवर आणि तेथून कमरेवर नेला. एका हाताने तो लावता येई. व्होल्वोने आपला हक्क राखून न ठेवता ही युक्ती सर्व मोटार कारखान्यांना खुली केली. थोड्या शोधांच्या वाट्याला असे औदार्य आले आहे.

आपल्याकडे त्या काळी काय होते? सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट मोटारी निघू लागल्या. लोकांनी जिला लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले, तिची पुढची दारे उलट्या बाजूने उघडत. १९६४ मध्ये डिलाइट आली. तिचीच पुढे पद्मिनी झाली. या गाडीत आईच्या मांडीवर मूल, त्याच्या शेजारी आणखी एक मूल, मागे आजी-आजोबा आणि वर फळांच्या करंड्या अशी कुटुंबे गावी गेली. पट्ट्याचे नावही कोणी काढले नाही. नव्या गाड्यांत पुढच्या आसनांना पट्टे देण्याचे बंधन १९९४ मध्ये आले, म्हणजे बोलिन यांच्या शोधानंतर पस्तीस वर्षांनी. मागच्या आसनांची पाळी त्याहूनही उशिरा आली.

येथे कायद्यातील एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. नियमानुसार गाडीत पट्टे दिलेले असतील तेथे ते बांधणे सक्तीचे आहे. ज्या जुन्या गाडीत ते नव्हतेच, तिचा मालक या शब्दांच्या फटीतून सुटतो. चारोटीच्या अपघातानंतर मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी ही फट बुजवू पाहिली. ज्या वाहनांत सर्व प्रवाशांसाठी पट्टे नाहीत, त्यांनी १ नोव्हेंबर २०२२ पर्यंत ते बसवून घ्यावेत, असे त्यांनी फर्माविले. मौज अशी की, त्यानंतर वर्ष पुरे होण्याच्या आतच, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, वीस वर्षांची मुदत संपून मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निघून गेली.

परंतु हौसेने जतन केलेल्या फियाट अजून धावतात, आणि त्यांच्यात पट्टा बसविणे वाटते तितके सोपे नाही. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली, तर आतल्या माणसाला बसणारा धक्का तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. साठ किलो वजनाच्या माणसाला सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थोपवायचे, तर पट्ट्यावर सुमारे साडेआठशे किलोंचा ओढा येतो. हा ओढा कापड सोसते. प्रश्न असतो तो पट्ट्याची टोके जेथे रोवली आहेत त्या पत्र्याचा.

वरचे टोक दोन दारांमधील खांबावर, एक खालचे टोक दाराच्या उंबरठ्याशी, आणि तिसरे गाडीच्या मध्यावरील उंचवट्यापाशी, अशी तीन ठाणी लागतात. जुन्या गाडीत या जागा त्या कामासाठी घडविलेल्याच नसतात. नुसते भोक पाडून बोल्ट आवळला, तर धक्क्यासरशी तो पत्रा फाडून बाहेर येईल. म्हणून पत्र्याच्या मागे जाड पोलादी पट्टी बसवून ओढा पसरवावा लागतो. त्याआधी पायांखालची चटई उचलून गंज पाहावा लागतो, कारण कोकणच्या आणि हवेलीच्या पावसाने कित्येक गाड्यांचे तळ आतून खाल्लेले असतात. वरचे ठाणे खांद्याहून फार खाली असले, तर पट्टा माणसाला तारण्याऐवजी त्याचा कणा दाबतो. आणि ज्या खुर्चीवर माणूस बसतो, तीच सुटून येत असेल तर पट्ट्याने करावे तरी काय?

दंडाच्या भयाने गळ्याभोवती लटकविलेला पट्टा, हा पट्टा नसण्याहून घातक आहे. कारण त्याच्या भरवशावर माणूस वेग वाढवितो. जाणत्या कारागिराकडून जागा तपासून घेतल्यावाचून तो बसवू नये, आणि पत्रा सडलेला असेल तर आधी तो दुरुस्त करावा.

“आम्ही तर त्याच गाडीतून कित्येकदा पंढरपूरला गेलो, आम्हाला काय झाले?” असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांचे खरे आहे. मात्र हे सांगायला जे परत आले, तेच आज बोलत आहेत. जे परतले नाहीत, त्यांची साक्ष कोण देणार? जुनी गाडी जरूर जपावी. पण तिच्यात नातवंडाला बसविण्यापूर्वी एकदा चटई उचलून पाहावी.