'माहीत नाही' म्हणायचं शिक्षण

कॅन्सरचा डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना ऑपरेशन कसं करायचं, औषध किती द्यायचं हे शिकवलं जातं. पण 'मला माहीत नाही' हे रुग्णासमोर बोलायला त्यांना कोण शिकवतं? गेले काही दिवस हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळतोय. कारण क्लिनिकल ट्रायलचा सगळा डोलारा याच वाक्यावर उभा आहे. दोन उपचारांपैकी कुठला चांगला हे खरंच ठाऊक नसेल, तरच कुणाला कुठला द्यायचा हे चिठ्ठी टाकून ठरवणं रास्त.

स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास वाचला की हे वाक्य किती जड जातं ते कळतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले सर्जन विल्यम हाल्स्टेड यांनी १८९४ साली ५० रुग्णांवरच्या आपल्या ऑपरेशनचा अहवाल छापला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी, सगळं एकत्र काढायचं. आता गंमत बघा, अमेरिकेत सर्जन घडवण्याची रेसिडेन्सीची पद्धत रुजवली तीही याच हाल्स्टेड यांनी. गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबायचं आणि त्याचा हात उचलायचा. हाताबरोबर गुरूची खात्रीही शिष्यांकडे आली. पुढची सत्तरेक वर्षं अमेरिकेत हेच ऑपरेशन चालत राहिलं. बायकांच्या छातीला खळगे पडत, हात सुजत. पण एवढं कापायची गरज आहे का, हे विचारणं म्हणजे गुरूवर शंका घेणं.

१९७१ मध्ये पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांच्या गटाने ती शंका घेतली. १,६०० हून अधिक बायकांवरची ट्रायल सुरू झाली, आणि पंचवीस वर्षांनंतरही मोठ्या ऑपरेशनने आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. १९७६ मध्ये पुढचा प्रश्न आला: फक्त गाठ काढून स्तन वाचवला तर? इथे मात्र रुग्णच मिळेनात.

का मिळेनात, याची पाहणी १९८४ साली प्रसिद्ध झाली. त्यात उत्तरं देणारे ९१ सर्जन या ट्रायलमध्ये आपणहून सामील झालेले होते, तरी त्यांच्यातले बरेच जण आपले सगळे योग्य रुग्ण तिच्यात घालत नव्हते. अशांपैकी ७३ टक्के म्हणाले, रुग्णाशी असलेलं नातं बिघडेल. २२ टक्क्यांना अनिश्चिततेबद्दल उघड बोलणंच नको होतं. शेवटी १९७८ पासून क्रम उलटा करावा लागला होता: आधी चिठ्ठी, मग रुग्णाशी बोलणं. म्हणजे 'तुमच्या वाट्याला काय येईल ते मलाही माहीत नाही' हे वाक्य टळलं, आणि भरती वाढली!

मला या सर्जनांचा राग येत नाही. समोर घाबरलेली बाई बसलेली असताना 'चिठ्ठी टाकू या' म्हणणं सोपं नाही. आपल्याकडे तर रुग्ण 'तुम्ही सांगाल तसं, डॉक्टर' म्हणून मोकळा होतो. पण तो विश्वास जपण्यासाठी खोटी खात्री दाखवली, तर तिची किंमत डॉक्टर भरत नाही. १९८५ मध्ये त्या ट्रायलचे पहिले निष्कर्ष आले आणि २००२ मध्ये वीस वर्षांचा हिशेब. स्तन वाचवलेल्या बायका स्तन काढलेल्यांइतक्याच जगल्या.

मुंबईत टाटा मेमोरियलमध्येही अशीच एक शंका तपासली गेली. कॅन्सर शरीरात आधीच पसरलेला असताना स्तनातली गाठ काढून आयुष्य वाढतं का? २००५ ते २०१३ दरम्यान ३५० बायका या ट्रायलमध्ये आल्या. २०१५ साली उत्तर छापून आलं: नाही वाढत. ऑपरेशन करणं ज्यांचा पेशा, त्यांनीच हे तपासलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

शिकाऊ डॉक्टरांना ट्रायलचे नियम आणि संमतीचे कागद पाठ करून घेता येतात. पण 'माहीत नाही, म्हणून शोधतोय' हे आपले सर रुग्णाशी, नजर न चुकवता, कसं बोलतात ते त्यांना बाजूला उभं राहून ऐकायला मिळायला हवं. हाल्स्टेड यांच्या शिष्यांनी खात्री अशीच तर उचलली होती.