स्नायुशिथिलकांचे दीर्घकालीन सेवन

मेंदू व मेरुरज्जू यांवर परिणाम घडवून स्नायूंतील वळ, पेटके किंवा ताठरपणा कमी करणाऱ्या औषधांस स्नायुशिथिलके म्हणतात. ही औषधे काही आठवड्यांच्या पलीकडे, महिनोन्‌महिने वा वर्षानुवर्षे घेतली जातात तेव्हा उद्‌भवणाऱ्या प्रश्नांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ वापरतात ती क्युरारेसारखी द्रव्ये येथे अभिप्रेत नाहीत.

या एका संज्ञेखाली दोन सर्वस्वी भिन्न प्रकारचे रोगी एकत्र आले आहेत, आणि बहुतेक घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. कमरेत उसण भरली, मान आखडली, अशा तक्रारींवर ही औषधे द्यावयाची ती फार तर दोनतीन आठवडे. कारण असे दुखणे बहुधा तेवढ्या मुदतीत आपोआप ओसरते आणि त्यापुढे ही औषधे गुण देतात असा भरवशाचा पुरावा नाही. याउलट मेरुरज्जूची इजा, मल्टिपल स्क्लेरोसिस, पक्षाघात किंवा सेरेब्रल पाल्सी यांमुळे ज्याचे हातपाय कायमचे ताठरले आहेत, त्याला औषध वर्षानुवर्षे चालू ठेवण्यावाचून पुष्कळदा गत्यंतर नसते. पहिल्या रोग्याच्या हाती दुसऱ्याची मुदत पडली, म्हणजे उपचाराची जागा सवय घेते.

इतिहास : इंग्लंडमध्ये पेनिसिलिन टिकवून धरणाऱ्या द्रव्याचा शोध घेत असता फ्रँक बर्जर यांना असे आढळले, की एक विशिष्ट संयुग टोचलेले उंदीर शुद्धीवर असूनही अंगातील सारा ताण गेल्याप्रमाणे लुळे पडतात, उताणे केले असता पालथे होऊ शकत नाहीत, आणि काही वेळाने पूर्ववत हिंडू लागतात. बर्जर व विल्यम ब्रॅडली यांनी 1946 मध्ये वर्णिलेले मेफेनेसिन ते हेच. त्याचा अंमल फार थोडा वेळ टिके. म्हणून अमेरिकेत गेल्यावर बर्जर यांनी बर्नार्ड लुडविग यांच्यासह मेप्रोबामेट सिद्ध केले. ते 1955 मध्ये ‘मिलटाउन’ या नावाने बाजारात आले आणि मनःशांतीची गोळी म्हणून अमेरिकेत घरोघर पोहोचले. त्याची सवय जडते हे पुढे ध्यानी आले.

कॅरिसोप्रोडॉल : याच घराण्यातील हे औषध 1959 मध्ये स्नायुशिथिलक म्हणून विक्रीस आले. पोटात गेलेले कॅरिसोप्रोडॉल सुमारे दोन तासांत निम्मे होते खरे, परंतु यकृतात त्याचे रूपांतर त्याच मेप्रोबामेटमध्ये होते आणि ते शरीरात कितीतरी अधिक वेळ रेंगाळते. म्हणजे कंबरदुखीची गोळी म्हणून जे घेतले जाते ते वस्तुतः जुनेच शामक औषध असते, हे रोग्यास क्वचितच कोणी सांगितलेले असते. यूरोपीय औषध संस्थेने नोव्हेंबर 2007 मध्ये त्याचे परवाने स्थगित करण्याची शिफारस केली. अमेरिकेने मात्र ते बाजारातून न काढता जानेवारी 2012 पासून नियंत्रित औषधांच्या यादीत घातले.

व्याप्ती : अमेरिकेतील दवाखान्यांच्या नोंदींवरून 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, स्नायुशिथिलके आधीपासून चालू असलेल्या रोग्यांच्या भेटी 2005 मध्ये वर्षाला सुमारे 85 लाख होत्या, त्या 2016 मध्ये 2 कोटी 47 लाखांवर गेल्या, नव्याने चिठ्ठी लिहून दिल्याचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहिले. वाढ झाली ती औषध सुरू करण्यात नव्हे, तर ते न थांबवण्यात. चालू सेवनाच्या या भेटींपैकी 67 टक्क्यांमध्ये अफूजन्य वा तत्सम वेदनाशामकही सोबत होते. दोन्हींच्या संयोगाने श्वसन मंदावण्याचा धोका असतो.

वृद्ध : गुंगी, तोल जाणे, पडून अस्थिभंग. अमेरिकी जराचिकित्सा संघाच्या ‘बिअर्स’ निकषांत स्नायुशिथिलकांपैकी बहुतेक औषधे वृद्धांनी टाळावीत असे म्हटले आहे.

टिझॅनिडीन : तोंडास कोरड, रक्तदाब उतरणे, यकृतावर परिणाम; म्हणून यकृताची तपासणी आवश्यक. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकासोबत देणे निषिद्ध. मोठी मात्रा एकाएकी थांबवल्यास रक्तदाब उसळतो.

थायोकोल्चिकोसाइड : श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या कुंपणांवर तांबड्या-पिवळ्या, ज्वालेसारख्या उभ्या पाकळ्यांनी फुलणारी कळलावी ही या औषधाची जननी होय. प्रसूतीच्या कळा आणणारी म्हणून हे नाव. तिचा कंद जहाल विषारी असतो. बियांतील कोल्चिकोसाइड वेगळे काढून त्यापासून हे अर्धसंश्लेषित औषध तयार होते, आणि तमिळनाडूत या बियांसाठी तिची लागवडही केली जाते. औषधाच्या विघटनातून होणारे एक द्रव्य पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांच्या वाटणीत बिघाड करू शकते, असे आढळल्यावरून यूरोपात 2013 मध्ये तोंडावाटे जास्तीत जास्त 7 दिवस व टोचून 5 दिवस, अशी मर्यादा घालण्यात आली. या द्रव्यापासून माणसास प्रत्यक्षात किती अपाय होतो याविषयी मतैक्य नाही.

बॅक्लोफेन : दीर्घकाल घ्यावयाच्या स्नायुशिथिलकांत याचे स्थान पहिले. बाझेल येथील सिबा कंपनीत हाइनरिख केबेर्ले यांनी 1962 मध्ये ते अपस्मारासाठी सिद्ध केले. त्या कामी ते उपयोगी पडले नाही, परंतु मेरुरज्जूजन्य ताठरपणावर गुणकारी ठरले. प्रारंभी 5 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देऊन मात्रा दर तीन दिवसांनी सावकाश वाढवतात. सामान्यतः दिवसाला 80 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा मानतात. औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड दुबळे असलेल्या रोग्यास अल्प मात्राही बेशुद्धीपर्यंत नेऊ शकते.

ताठरपणा हा नेहमीच शत्रू असतो असे नाही, ही गोष्ट चिकित्सकाने विसरू नये. पाय दुर्बळ झालेला रोगी बिछान्याच्या कडेला बसून, टाचा जमिनीला टेकवून, त्या ताठरपणाच्याच जोरावर गुडघे सरळ करतो आणि खुर्चीपर्यंतची दोन पावले पार पाडतो. मात्रा थोडी अधिक झाली की तेच गुडघे मध्येच दुमडतात. मात्रा ठरवताना पायाची परीक्षा खाटेवर निजवून न करता, रोग्यास उभे करून करावी.

सर्वांत मोठा धोका बॅक्लोफेन घेण्यात नसून ते अकस्मात खंडित होण्यात आहे. गोळ्या संपल्या, प्रवासात राहून गेल्या, किंवा दुसऱ्या आजारासाठी रुग्णालयात दाखल करताना यादीतून सुटल्या, तर भास होणे, झटके येणे, ज्वर चढणे आणि पूर्वीपेक्षा अधिक ताठरपणा येणे असा प्रकार घडतो. म्हणून ते नेहमी आठवड्या-आठवड्यांनी उतरवीत न्यावे लागते.

रिचर्ड पेन व जेफ्री क्रोइन यांनी 1984 मध्ये हे औषध थेट मेरुद्रवात सोडण्याची रीत मांडली. पोटाच्या त्वचेखाली बसवलेल्या चपट्या, वाटोळ्या पंपातून बारीक नळीने ते कण्यापर्यंत जाते; मात्रा मिलिग्रॅमऐवजी मायक्रोग्रॅममध्ये मोजावी लागते, आणि काही महिन्यांच्या अंतराने त्वचेतून सुई घालून पंप पुन्हा भरावा लागतो. भरण्याची तारीख चुकली वा नळी दुमडली, तर पुरळावाचून अंगाला सुटणारी खाज हे बहुधा पहिले लक्षण असते. ते ओळखले गेले नाही तर पुढचा प्रसंग प्राणावर बेततो.

गर्भावस्था व स्तनपान : थायोकोल्चिकोसाइड वर्ज्य.