पंचाहत्तर लेखिकांचं पुस्तक



शाळेत आपण सनावळ्या आणि तह पाठ केले. इतिहासात कोण राहतं आणि कोण गळतं, हा प्रश्न मात्र परीक्षेत कधी आला नाही. उर्वशी बुटालिया यांनी तो प्रश्न आपल्या धंद्याचाच पाया केला.

ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस आणि लंडनच्या झेड बुक्समध्ये काम केल्यावर त्यांनी १९८४ साली रितू मेनन यांच्यासोबत दिल्लीत ‘काली फॉर विमेन’ ही देशातली पहिली स्त्रीवादी प्रकाशनसंस्था काढली. तिचं १९८९ चं ‘शरीर की जानकारी’ हे पुस्तक राजस्थानातल्या ७५ ग्रामीण स्त्रियांनी मिळून तयार केलं होतं. पहिल्या कच्च्या प्रतीत नग्न शरीराची चित्रं होती. गावकरी म्हणाले, गावात अशी बाई कधी दिसते का? मग बायकांनीच तोड काढली. चित्रातली बाई पूर्ण कपड्यांत. कागदाची झडप उचलली की आतलं शरीर दिसतं. गावातल्या बायकांना पुस्तक नफा न घेता द्यायचं, हीही त्यांचीच अट. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्ही ‘वापरणाऱ्याला विचारा’ असं सतत म्हणतो. इथे वापरणारीच लेखिका झाली होती.

१९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारानंतर मदतकार्यात बुटालियांना वृद्धांच्या तोंडून फाळणीच्या आठवणी ऐकू आल्या. त्यातून मुलाखती सुरू झाल्या आणि १९९८ मध्ये ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’ हा ग्रंथ आला.

२००३ मध्ये ‘काली’ची वाटणी झाली. मेनन यांनी ‘विमेन अनलिमिटेड’ काढली, बुटालियांनी ‘जुबान’. घरकाम करणाऱ्या बेबी हालदार यांच्या बंगाली आत्मकथनाचा इंग्रजी अनुवाद बुटालियांनी स्वतः केला. आपल्या मराठीतलं उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ वंदना सोनाळकर यांच्या अनुवादातून २००८ मध्ये ‘जुबान’नेच इंग्रजीत नेलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून लिहिलेला तो इतिहास आहे. २०११ मध्ये बुटालिया आणि मेनन यांना पद्मश्री मिळाली.

ही स्मरणिकाही एक इतिहासच आहे. मुख्याध्यापकांची आणि गुणवंतांची नावं आपल्याकडे नोंदलेली असतात. पण घंटा देणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, रडणाऱ्या पोरांना वर्गापर्यंत सोडणाऱ्या मावशींचं पूर्ण नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? ज्यांना येतं त्यांनी ते लिहून ठेवावं. पुढच्या स्मरणिकेत त्यांच्यासाठी एक पान ठेवू या, आणि शक्य असेल तर ते त्यांच्याच तोंडून ऐकून लिहू या.