फतेगंजची फारसी, छावणीची इंग्रजी आणि एक मराठी कोश

बडोद्यातील फतेगंज या नावात मुळचे मराठी असे काहीच नाही. 'फते' हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आला आणि 'गंज' तर अस्सल फारसी. तिकडे त्याचा अर्थ खजिना, आपल्याकडे बाजारपेठ. याच भागात इंग्रजांची छावणी होती आणि तिच्या काळचे चर्च आजही उभे आहे. नाव फारसी, फौज इंग्रजी, प्रजा गुजराती आणि दरबार मराठी, अशा या नगरीत 21 जानेवारी 1894 रोजी माधव त्रिंबक पटवर्धन जन्मास आले. माधव जूलियन म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. आम्हांस येथे त्यांच्यातील फारसीच्या शिक्षकाविषयी लिहावयाचे आहे.

त्यांचे शिक्षण बडोदे व मुंबई येथे झाले आणि विषय होते इंग्रजी व फारसी. ही जोडी त्या काळी अपरिहार्यच होती. 1837च्या कायद्याने कंपनीच्या कचेऱ्यांतून फारसी हटविण्याचा मार्ग मोकळा झाला आणि पुढे ती विद्यापीठातील एक अभ्यासविषय होऊन राहिली. तिची मोठी साधने इंग्रजीत होती. श्टाइनगासचा 1892चा प्रसिद्ध कोश फारसी-इंग्रजी आहे. इतकेच काय, मराठीत मुरलेल्या फारसी शब्दांचा अर्थ पाहावयाचा तर मोल्सवर्थचा 1831चा कोश उघडावा लागे, आणि तोही इंग्रजीतच बोले. आपल्याच दफ्तरातला शब्द परक्याच्या दारी जाऊन विचारावा, असा हा प्रकार होता.

पटवर्धनांनी फर्ग्युसन कॉलेजात आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात फारसी शिकविली. 1925 साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने त्यांचा 'फारसी-मराठी कोश' प्रसिद्ध केला. त्यामुळे फारसी आणि मराठी यांच्यामधला इंग्रजी दुभाष्या दूर झाला. उमर खय्यामच्या बाबतीतही तेच दिसते. 1929 साली त्यांनी मूळ फारसीवरून रुबायांचे भाषांतर केले आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवताराला 'द्राक्षकन्या' या नावाने वेगळे स्थान दिले. मूळ आणि इंग्रजी यांची गल्लत त्यांनी होऊ दिली नाही.

न्यायालयात उमेदीची वर्षे घालविलेल्या आम्हां वकिलांना या मुळांचे विशेष अप्रूप आहे. 'खून' म्हणजे फारसीत नुसते रक्त. मराठीने त्याचा गुन्हा केला. 'फिर्याद' म्हणजे आर्त हाक. 'शिरस्ता' म्हणजे मूळचे दोऱ्याचे टोक. फडणीस, चिटणीस यांतला 'णीस' हा लिहिणारा 'नवीस'. आणि 'वकील' हाही आपला नव्हे, हे कबूल केलेच पाहिजे!

असा हा फारसीचा जाणकार उत्तरायुष्यात भाषाशुद्धीचा कैवारी झाला. 'भाषाशुद्धि-विवेक' हा त्यांचा ग्रंथ 1938चा. शिवकालात राज्यव्यवहारकोशाने जे आरंभिले, त्याचीच ही वाट. नव्या इंग्रजी शब्दांच्या लोंढ्याविषयीची त्यांची चिंता आम्हांस पटते. परंतु तीनशे वर्षे मुरलेले फारसी शब्द उपटावेत, हे आम्हांस मान्य नाही. अर्ज, वकील, जामीन, दस्तऐवज हे शब्द थोड्याफार फरकाने बडोद्याच्या गुजरातीत आहेत, तसेच बेळगावच्या कानडीतही आहेत. मराठी माणूस कानडी कचेरीत उभा राहतो तेव्हा त्याला कागदावरचे जे दोन-चार शब्द ओळखू येतात, ते बहुधा हेच. त्यांच्या जागी घडविलेले संस्कृत शब्द ठेवले, तर तेवढाही आधार जाईल.

बडोद्याने मात्र निराळी रीत स्वीकारली होती. 1931 साली सयाजीराव महाराजांच्या राज्यात 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला. त्यात राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द दिलेले आहेत. राजा मराठी असूनही प्रजेची गुजराती त्यात मराठीच्या बरोबरीने बसली. सीमाभागातील आमची मागणी याहून अधिक नाही. तक्रारीचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 350ने दिलेलाच आहे. अर्ज मराठीत द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि उत्तर ज्या भाषेत येईल त्यातील प्रत्येक अनोळखी शब्द वहीत उतरवून ठेवावा. सीमाभागाचा असा कोश अद्याप व्हावयाचा आहे.